शहापूर ते मुरबाड : कानांनी

मुंबईकराला शहापूर तालुका ठाऊक असतो तो नळातून. तानसा आणि भातसा ही नावे तो पावसाळ्यात वर्तमानपत्रात टक्केवारीसकट वाचतो, धरणे भरली की निर्धास्त होतो आणि पुढच्या जूनपर्यंत त्यांना विसरून जातो. तानसाची दगडी भिंत १८९२ साली पुरी झाली. तेव्हापासून इथले पाणी मुंबईला जाते, आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर वैशाखात बायका टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लावून बसतात. हे सांगायचे कारण एवढेच की, शहराने या मुलुखाकडून घ्यायचे आणि विसरायचे, ही रीत जुनी आहे. पाण्याप्रमाणे इतरही गोष्टींच्या बाबतीत ती चालत आली आहे.

गेल्या पौषात मी तिकडे गेलो तो एका जुन्या विद्यार्थ्याच्या बोलावण्यावरून. मुरबाड तालुक्यातल्या एका खेड्यात तो शिक्षक आहे. त्याचा निरोप होता : “सर, आजीच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण खराब होत चाललंय. डावी बाजू मेल्यासारखी वाटते. ती काढून टाकून एकाच बाजूचं ठेवू का? फोनमध्ये जागाही उरली नाही.” आजी दोन वर्षांपूर्वी गेली. म्हणजे जे होते ते तेवढेच. मी त्याला उलट टपाली, म्हणजे हल्लीच्या भाषेत त्याच मिनिटाला, कळवले की मी येईपर्यंत कशालाही हात लावू नकोस.

आता मला त्याने का विचारावे? मी मराठीचा मास्तर. विजेच्या उपकरणांशी माझे नाते घरातला फ्यूज उडण्यापुरतेच असायला हवे. पण गेली काही वर्षे मला कानात खोचायच्या इअरफोनांचा नाद लागला आहे. त्यांतल्या नेमक्या जातीला शौकीन मंडळी ‘आयईएम’ म्हणतात. रंगमंचावरच्या गायका-वादकांना स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून ही निघाली. १९९५ साली जेरी हार्वी नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ड्रमवाल्यासाठी अशी एक जोडी बनवली, तेव्हापासून या धंद्याला बहर आला. आमच्या घरात त्यांना ‘बोंडे’ म्हणतात. “बोंडं काढा आणि जेवायला चला,” ही हाक मला बोंडे कानात असतानाही ऐकू येते, यावरून त्या आवाजाची ताकद वाचकांनी ओळखावी.

कसाऱ्याची गाडी हे बोंडे पारखण्याचे उत्तम ठिकाण. टिटवाळ्यापर्यंत गर्दीचा कल्लोळ, खडवली-वासिंदला तो ओसरतो आणि आसनगाव येईतो डब्यात भाजीच्या रिकाम्या पाट्या, दोन पेंगणारी माणसे आणि चाकांचा ठेका उरतो. ज्यांना बोंडे घ्यायची आहेत ते प्रथम दुकानदाराला विचारतात की आत ‘ड्रायव्हर’ किती. हा प्रश्न मला घराला खोल्या किती यासारखा वाटतो. खोल्या आठ आणि वारा कुठूनच नाही, अशी घरे मी पाहिली आहेत. आत एकच पडदा असलेली, दोन-तीन हजारांची जोडीसुद्धा उत्तम गाते. खरा प्रश्न टोपणाचा. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर, तीही वाकडी, आणि पुष्कळांचे दोन कान सारख्या मापाचे नसतात. माझ्या उजव्या कानाला मधले टोपण लागते, डाव्याला लहान. टोपण घट्ट बसले नाही तर खर्जाचे सूर फटीतून निघून जातात आणि माणूस यंत्राला नावे ठेवतो. परीक्षा सोपी आहे. तंबोऱ्याचा खर्ज लावावा आणि बोंड बोटाने किंचित दाबावे. दाबल्यावर खर्ज वाढला तर टोपण मापाचे नाही. मापाचे टोपण गाडीचा गोंगाटही वीसेक डेसिबलने अडवते, म्हणजे आवाज चढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला चाळीस तास ऐकायचे तर ऐंशी डेसिबल ही मर्यादा घातली आहे. रस्ता ओलांडताना मात्र एकही बोंड कानात नसावे. हे मी आमच्या चिरंजीवांना शंभरदा सांगितले आहे, आणि तेव्हा त्यांच्या कानात बोंडे होती.

आसनगावाला उतरले की माहुलीचे सुळके समोर उभे राहतात. १६३६ साली शहाजीराजे याच गडावर वेढ्यात सापडले होते. गडावर आता सहलीवाल्यांचे कर्णे वाजतात. त्याविषयी न लिहिलेलेच बरे. शहापुराहून किन्हवली, सरळगाव करीत मुरबाडकडे जाणारा रस्ता मला फार आवडतो. भाते निघून गेलेली, खाचरांत खुंट उरलेले, ओलीवर वाल पेरलेला, घरांशेजारी पेंढ्याच्या उडव्या, आणि एसटीत म्हशाच्या जत्रेला निघालेली माणसे. म्हसोबाची ही जत्रा पौषी पौर्णिमेला भरते आणि बैलांच्या बाजारासाठी व घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. मुरबाडला आगगाडी अजून पोचलेली नाही, त्यामुळे एसटीला इथे अजून मान आहे. खिडक्यांच्या खडखडाटात बोंडांचा काही उपयोग नव्हता. ती डबीत ठेवून मी शेजारच्या दोघांचे बैलाच्या दाताविषयीचे भांडण ऐकले. ते तंबोऱ्याहून सरस होते.

विद्यार्थ्याच्या घरी चहा झाला आणि त्याने वही पुढे केली. ओव्या त्याने स्वतः ऐकून उतरवल्या होत्या, अक्षर मोत्यासारखे. पुण्याच्या गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या, हे त्याला वर्गात मीच सांगितले होते. त्या कामाने भारावून त्याने आजीला जात्यावर बसवले होते. दोन कानी दोन माइक असलेले यंत्र त्याने मध्ये ठेवले होते. जात्याच्या उजव्या अंगाला आजी, डाव्या अंगाला शेजारची आजी, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. म्हणजे डावी बाजू पुसली असती, तर एक अख्खी बाई पुसली गेली असती.

त्याची बोंडे मी कानात घातली. डावीकडून खरोखरच गोधडीखालून यावा तसा आवाज येत होता. अशा वेळी क्रम सोडू नये. प्रथम डावे बोंड उजव्या कानात आणि उजवे डाव्या कानात घातले. मंदपणा डाव्या कानातच राहिला असता, तर दोष माझ्या कानाचा, आणि मग कानाच्या डॉक्टरकडे जाणे आले. तो उजव्या कानात गेला. मग भीमसेन जोशींचे एक नेहमीचे ऐकलेले ध्वनिमुद्रण लावले; तेही एका अंगाने लुळे. म्हणजे आजीचे ध्वनिमुद्रण सुटले! मुलाचा चेहरा तिथेच उजळला. उरली बोंडे, वायर आणि फोनचे भोक. या जोडीची वायर सुटी होत होती. तिची डावी-उजवी टोके अदलाबदल करून लावली, तरी मंदपणा त्या एका बोंडाबरोबरच राहिला. वायर आणि फोन निर्दोष. टोपण काढून बोंड उन्हात धरले, तर तोंडावरची बारीक जाळी मेणाने लिंपलेली.

कानातला मळ हा या यंत्रांचा पहिला शत्रू, आणि पावसाळ्यातली ओल दुसरा. मुरबाडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना दुसऱ्याविषयी सांगायला नको. बोंडाचे तोंड खाली करून कोरड्या मऊ ब्रशने जाळी हलक्या हाताने झाडायची, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. पाणी किंवा स्पिरिट ओतायचे नाही आणि टाचणी तर मुळीच खुपसायची नाही. टाचणीने जाळी फाटते. रात्री डबीत औषधांच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी ठेवावी. दहा मिनिटे झाडल्यावर डावी बाजू उघडली.

आणि मग वहीतले अक्षर डोळ्यांना टोचू लागले. शेजारच्या आजीच्या ओव्यांत त्याने जागोजाग ‘आई’ लिहिले होते. मला ऐकू येत होते ते ‘सई’. यात त्याचा दोष नाही. ‘स’चा सारा जीव पाच-सहा हजार कंपनांच्या वरच्या उंच सुरांत असतो, आणि जाळी तुंबली की आधी मरतात ते हेच सूर. ‘सई’तला ‘स’ गेला की मागे ‘अई’ उरते. माणूस ती ‘आई’ करून घेतो आणि माहेरच्या आठवणीची ओवी म्हणून प्रस्तावनाही लिहितो. (ती त्याने लिहिली होती. चांगली होती.)

“पण सर, कशावरून?” तो हटेना. शिष्य असावा तर असा. शेवटी पलीकडच्या अंगणातून शेजारच्या आजींनाच बोलावणे पाठवले. त्या वाल सोलायचे सूप घेऊनच आल्या. वही वाचून दाखवली तशा हसल्या. “आई? दळताना आईला कोन हाक मारतंय रं? आई ऱ्हायली तिकडं लांब. ही समोर बसलेली, हिला सई म्हनलं मी. दोघी एकाच साली या गावात आलो.”

त्याने पेन काढून तिथल्या तिथे वही दुरुस्त करायला घेतली. मी सर्वांत लहान टोपण लावून बोंडे आजींच्या कानात बसवली, चांगली घट्ट, शास्त्राप्रमाणे. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सुपातला हात थांबला होता.

“मास्तर, जातं लई वाजतंय,” त्या म्हणाल्या. “ती कुठं ऐकू येती?” आणि त्यांनी आपल्या हाताने दोन्ही बोंडे थोडी थोडी बाहेर ओढली. खर्ज फटीतून निघून गेला असणार, जात्याची घरघर मागे सरली असणार. मान एका बाजूला कलती करून त्या म्हणाल्या, “आता बरं. आता आली.”