पोर्तुगाल : अकरा रात्री, तीन मुक्काम

युरोपला जायचे ठरले की बहुतेक घरांत एकच सूर लागतो, ‘एवढा खर्च करून जातोच आहोत, तर हेही पाहू आणि तेही पाहू!’ कागदावर गावांची यादी वाढत जाते. प्रत्यक्ष सहलीत मात्र खोली सोडणे, बॅगा ओढणे आणि स्टेशन गाठणे यातच दिवस संपतात. घरी परतल्यावर फोटो पाहून विचारावे लागते, ‘हे चर्च नेमके कुठले?’

पोर्तुगालच्या बाबतीत हा मोह जास्तच होतो, कारण नकाशावर हा देश चिमुकला दिसतो. लांबी साधारण साडेपाचशे किलोमीटर आणि रुंदी दोनशेच्या आसपास. पण शहरे चढउतारांची आहेत आणि मुक्काम बदलण्याच्या प्रत्येक दिवसातला अर्धा दिवस हातचा जातो. बरोबर आजीआजोबा किंवा लहान मुले असतील तर हा हिशेब आधीच करावा. अकरा रात्री हाताशी असतील तर पोर्तोत तीन, लिस्बनमध्ये चार, दक्षिण किनाऱ्यावर लागोसला तीन आणि परतीच्या विमानासाठी पुन्हा लिस्बनमध्ये एक, एवढे पुरे. जाताना विमान पोर्तोचे आणि येताना लिस्बनचे घेतले तर उलटा प्रवास वाचतो.

नदीकाठचे पोर्तो

दोउरू नदीच्या उतारावर वसलेले पोर्तो पहिल्याच दिवशी मन जिंकून घेते. नदीवरचा दोन मजली लोखंडी पूल १८८६ साली खुला झाला. वरच्या मजल्यावरून मेट्रो धावते आणि कडेने माणसेही चालतात. संध्याकाळी तिथे उभे राहिले की खाली रिबैरा भागातील रंगीत घरे आणि पलीकडच्या काठावर पोर्ट वाइनची जुनी गोदामे दिसतात.

साओ बेंतो हे रेल्वे स्टेशन तर गाडी पकडायची नसली तरी पाहावे. त्याच्या दालनात सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या फरशांवर चित्रकार जॉर्ज कोलासो यांनी पोर्तुगालचा इतिहास रंगवला आहे. या फरशांना ‘अझुलेजो’ म्हणतात. पणजीच्या फोंतेन्यास भागात घरांच्या पाट्यांवर अशा फरशा पाहिलेल्यांना इथे ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटेल. लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र इथून सुटत नाहीत, त्यासाठी कांपान्या स्टेशन गाठावे लागते.

पोर्तोहून एक दिवस कोइंब्राला जाऊन यावे. रेल्वेने सव्वा तासाच्या आसपासचा प्रवास आहे. १२९० साली स्थापन झालेले विद्यापीठ १५३७ पासून कायमचे इथे आहे. तिथल्या जुआनिना ग्रंथालयात वटवाघळे राहतात. ती रात्री पुस्तके खाणारे किडे फस्त करतात, म्हणून संध्याकाळी टेबलांवर चामड्याची आच्छादने घालतात. मुलांना ही गोष्ट राजवाड्यांपेक्षा जास्त लक्षात राहील.

लिस्बन आणि आपण

पोर्तो ते लिस्बन हा प्रवास वेगवान गाडीने सुमारे तीन तासांचा. १ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंप, समुद्राच्या लाटा आणि आग यांनी हे शहर उद्ध्वस्त केले. नंतर मार्किस द पोंबाल यांनी मधला सखल भाग सरळ रस्ते आखून नव्याने उभारला. जवळच्या टेकडीवरचा आल्फामा मात्र बराचसा वाचला. तिथल्या बोळांत आजही दोरीवर कपडे वाळत असतात आणि रात्री फादो गाण्याचे करुण सूर ऐकू येतात. हॉटेल निवडताना ‘टेकडीवर, सुंदर देखावा’ या ओळीवर भाळू नये. गुडघेदुखी असलेल्यांसाठी सखल बाइशा भागच बरा.

बेलेमसाठी एक दिवस राखावा, फक्त सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी अनेक वास्तू बंद असतात. इथूनच ८ जुलै १४९७ ला वास्को द गामा निघाला आणि मे १४९८ मध्ये कालिकतजवळ पोहोचला. १५२४ मध्ये कोचीत त्याचा मृत्यू झाला. तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला आधी पुरले होते, पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. आज त्याची कबर बेलेमच्या जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये आहे.

त्या देखण्या कबरीपुढे भारतीय पर्यटकाचे मन सहज भारावत नाही. याच माणसाने १५०२ च्या सफरीत मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे जहाज प्रवाशांसह जाळले होते. गोव्यावरील पोर्तुगीज सत्ता १५१० मध्ये सुरू झाली, ती १९६१ पर्यंत टिकली. वसईचा किल्ला चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये जिंकला, हे मुले शाळेत शिकतात. पण याच लोकांकडून बटाटा, पाव, अननस, चावी, पगार हे शब्दही आपल्या घरात आले. बाहेर पडून जवळच्या दुकानात १८३७ पासून मिळणारी अंड्याची गोड पेस्ट्री खाताना या दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात. मठाच्या भिंती मग त्यांना जास्त बोलक्या वाटतील.

दुसऱ्या दिवशी रोसियू स्टेशनवरून चाळीस मिनिटांत सिंत्राला जावे. तिथला रंगीबेरंगी पेना राजवाडा सकाळी लवकर पाहावा, नंतर गर्दी असह्य होते.

आल्गार्व्हचा किनारा

लिस्बनच्या ओरिएंत स्टेशनवरून दक्षिणेकडे निघालेली गाडी तेजो नदीवरचा ‘२५ एप्रिल’ पूल ओलांडते. १९७४ च्या त्या दिवशी देशातली हुकूमशाही उलथली होती. तुनेश स्टेशनवर गाडी बदलून सुमारे चार तासांत लागोस येते. पोंता दा पिएदादचे पिवळसर कडे, त्यांतल्या कमानी आणि खालचे हिरवेनिळे पाणी बोटीतून पाहण्यासारखे आहे. याच गावात १४४४ मध्ये आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची विक्री झाली होती, हेही विसरू नये.

गोव्याच्या समुद्राची सवय असलेल्यांना अटलांटिकचे पाणी उन्हाळ्यातही गार लागते. किनाऱ्यावर लाल निशाण असेल तर पाण्यात उतरू नये. पिवळे असेल तर काठावर पाय भिजवावेत, पोहू नये. कड्याच्या सावलीत चटई अंथरण्याचा मोह टाळावा. २००९ मध्ये आल्बुफेराजवळ कडा कोसळून पाच जण दगावले होते.

निघण्यापूर्वी

मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने उत्तम. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी त्याची फी ९० युरो आहे. शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. रेल्वेची तिकिटे लवकर काढल्यास स्वस्त पडतात. ६५ वर्षांवरील प्रवाशांना निम्म्या दरात तिकीट मिळते, त्यासाठी पासपोर्ट जवळ हवा. रेल्वेचे संप अधूनमधून होतात, म्हणून विमानाच्या आदल्या रात्री लिस्बनला पोहोचलेलेच बरे.

हॉटेलात न मागता आलेले पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत पाठवावेत. शाकाहारी मंडळींनी सूपमध्येही मांसाचा तुकडा नाही ना, हे विचारून घ्यावे.

आणि बेतात एक दुपार मुद्दाम मोकळी ठेवावी. त्या दुपारी आजोबा नदीकाठच्या बाकावर बसतील, मुले कबुतरांमागे धावतील आणि आईलाही घड्याळाकडे पाहावे लागणार नाही. यादीतली दोन गावे गाळावी लागली तरी चालतील.