उंबरठ्याच्या आत आणि बाहेर

डॉ. जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ १९८२ साली आला. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, विजय तेंडुलकरांची पटकथा, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि स्मिता पाटील यांचा अभिनय असा दुर्मिळ योग त्यात जुळून आला होता. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास मिळाला. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्यातील प्रश्न शिळा झालेला नाही.

महाजनांचे घर सुखवस्तू. पती वकील, सासूबाई समाजकार्यात नाव मिळविलेल्या. सुनेला छळणारे हे घर नव्हे. समाजसेवाच करावयाची ना, मग ती येथेच राहून कर, असे सुलभेला समजुतीने सांगितले जाते. या समजुतीच्या स्वरातच चित्रपटाचे मर्म आहे, असे आम्हांस वाटते. जुलमाविरुद्ध बंड करणे त्या मानाने सोपे. परंतु ज्या घराने खाण्यालेण्यास काही कमी केले नाही, त्या घराला ‘मला एवढ्याने पुरत नाही’ हे कोणत्या तोंडाने सांगावे?

सुलभा ते सांगते. मुलीला जावेपाशी ठेवून दूरच्या महिलाश्रमाची अधीक्षिका होते. तेथे आप्तांनीच टाकलेल्या स्त्रिया, उदासीन व्यवस्थापक आणि राजकारण्यांचा दाब यांच्याशी झुंजून अखेर ती राजीनामा देते. परत येते तो घरातली तिची जागा भरून गेलेली असते. मुलगी काकूची झालेली, पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली. ती पुन्हा बाहेर पडते.

गेल्या वर्षी आम्ही सर्वांनी हा चित्रपट घरी एकत्र पाहिला. आमच्या धाकट्या सूनबाईंच्या हाती तेव्हा बढतीचा कागद होता आणि इंदूर सोडून खांडव्यास जावे लागणार होते. आत्याबाई म्हणाल्या, “लेकराला टाकून जाणे शोभते का?” सूनबाई शांतपणे म्हणाल्या, “आत्याबाई, हे दोन वर्षे भोपाळला होते, तेव्हा हे कोणी विचारले नाही.” यावर कोणापाशीच उत्तर नव्हते. सूनबाई खांडव्यास गेल्या. नातू कधी तेथे असतो, कधी आमच्यापाशी. ओढाताण होते, ती आम्ही नाकारीत नाही.

आपले पूर्वज होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या चाकरीत मुलूख सोडून आले, याचा आपणांस केवढा अभिमान! उंबरठा ओलांडण्याचे आपल्या घराण्यांस वावडे कधीच नव्हते. मात्र तो ओलांडावयाचा पुरुषाने, आणि स्त्रीने त्याच्यामागून यावयाचे, हा क्रम आपण धर्मासारखा पाळला. तो उलटला तर घर मोडेलच असे नाही. परंतु घरातील प्रत्येकास आपापल्या वाट्याचे थोडे काम अधिक करावे लागेल, आणि खरी अडचण बहुधा तेथेच आहे.