बळाची सराफी

दुधना आणि गोदावरी यांच्या काठची, परतूर-अंबड-घनसावंगीच्या शिवारांतील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि मृगाचे पाणी पोटात गेले की फुगते; पाणी पिऊन फुगणे हा तिच्यातील चिकणमातीचा स्वभावधर्मच असल्यामुळे पाणंदीतली भरली बैलगाडी एकदा आखापर्यंत रुतली, की बैलांचा जोर, गाडीवानाची हाकाटी आणि चार गड्यांचे खांदे ही सारी शिकस्त व्यर्थ ठरते. अशा वेळी करावयाच्या तजविजीचा सरंजाम बांधावरच सापडतो: अंबाडीचा जाड नाडा, बाभळीचा खुंट आणि एक लांब दांडा.

नाड्याचे एक टोक लिंबाच्या बुंध्याला अगदी तळाशी, दुसरे गाडीच्या आखाला बांधावे. मधला ढिला दोर उभ्या खुंटाभोवती दुमडून घेऊन त्या दुमडीत दांडा खुपसावा आणि तो फिरवीत राहावे. एकाने खुंट उभा धरावा, दोघांनी दोराच्या दोन अंगांना राहून अर्धा-अर्धा फेरा वाटून घ्यावा. खुंट पुरावयाचा नाही. दोर त्याच्यावर दोन्हीकडून गुंडाळला जातो आणि तो स्वतःही झाडाकडे सरकत असतो. पहिले वेढे नुसता ढिलेपणा खातात. मग भिजल्या नाड्यातले पाणी पिळून ठिबकू लागते, तंतू करकरतात, आणि चाकाला घट्ट धरून बसलेला चिखल एकाएकी फस्सदिशी सुटतो.

खुंटाचा व्यास ४ इंच आणि दांडा ५ फुटांचा असेल, तर एका फेऱ्यात माणसे सुमारे ३१ फूट चालतात व गाडी अवघी २ फूट सरकते. म्हणजे बळ कागदोपत्री पंधरापट. निजामी अमदानीत संस्थानी हाली शिक्क्यांचे इंग्रजी कलदार रुपये करून घेताना सराफ ज्याप्रमाणे अधिक नाणी मोजून घेई, थोडी देई आणि वर आपला बट्टा कापी, त्याचप्रमाणे हा खुंट पावलांची चिल्लर घेतो, बळाचे खणखणीत नाणे हाती ठेवतो आणि घर्षणाचा बट्टा न चुकता वळता करतो.

विहिरीवरचा रहाट याच घराण्यातला. मोट मात्र नव्हे; तिचे चाक नाड्याची केवळ दिशा बदलते, बळ वाढवीत नाही, म्हणूनच तिथे बैल लागत आणि त्यांना उताराची धाव करून द्यावी लागे. आर्किमिडीजने पृथ्वी हलविण्यासाठी उभे राहायला जागा मागितली होती. काळ्या रानात नेमकी तीच मिळत नाही, आणि म्हणून बांधावरचे झाड राखणारा शेतकरी मला दूरदर्शी वाटतो.

ज्याच्यापाशी यंत्र नाही त्याला बळ मिळते, पण ते सबुरीच्या मोलाने. एवढेच ध्यानी असावे, की ताण आल्यावर दांडा हातचा सोडू नये आणि दोराच्या रेषेत कोणाला उभे राहू देऊ नये; तुटला नाडा आणि सुटला दांडा हाड मोडल्याशिवाय राहत नाही.