त्याचं नाव

आमच्या घरात लेकरांची नावं आत्या ठेवायची. आईबापांनी मनात काहीतरी धरलेलं असे, जोशीबुवांनी अक्षर काढून दिलेलं असे, शेजारपाजारच्या बायांनी दहा नावं सुचवलेली असत. पण पाळण्यात वाकून लेकराच्या कानात 'कुर्र' करायचा मान तिचा, आणि ती काय सांगणार हे त्या क्षणापर्यंत कुणालाच ठाऊक नसे. माझं नाव तिने ठेवलं, माझ्या भावाचं तिनेच, चुलतभावंडांची तिनेच. पुढे भावाच्या लेकरांच्या वेळी मान दुसरीचा होता, तरी माणसं तिलाच विचारत. गेल्या वर्षी ती गेली. साखरखेर्ड्याच्या आमच्या घरात तिच्यानंतरचं पहिलं बारसं परवा झालं, तेव्हापासून तिच्याबद्दल लिहावं असं घोळत होतं.

बारसं म्हटलं की मला अजून मधल्या खोलीतला तो पाळणा दिसतो. आढ्याच्या कडीला दोर, खाली गव्हाची रास, बाजूला मोठ्या परातीत हरभऱ्याच्या घुगऱ्या. पाट्यावरचा वरवंटा धुऊन त्याला तेल-हळद लावायचे, टोपडं घालायचे आणि दोघी बाया पाळण्याच्या अल्याड-पल्याड उभ्या राहून देवाचं नाव घेत तो वरून-खालून एकमेकींच्या हाती द्यायच्या. मग लेकरू. आत्या पाळण्यावर वाकली की मागच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालायला टपलेल्याच असत. ती धपाटे खात, घाई न करता, दोन्ही तळव्यांचा आडोसा करून कानात नाव सांगायची. तिचा पदर पाळण्यात लोंबायचा आणि लेकराच्या मुठीत सापडायचा. तो सोडवून घेईपर्यंत ती तशीच ओणवी राहायची.

नाव निवडण्याची तिची एक रीत होती. जन्मवेळेवरून नक्षत्राचं चरण काढतात आणि त्यावरून अक्षर येतं: अश्विनीला चू, चे, चो, ला, रोहिणीला ओ, वा, वी, वू. ते अक्षर ती ऐकून घ्यायची आणि बाजूला ठेवायची. "ते पत्रिकेत राहू द्या," म्हणायची. मग मनातलं नाव घेऊन मागच्या अंगणात जायची आणि मोठ्याने हाक मारून पाहायची. नाव शेतापर्यंत पोचलं पाहिजे, घशात अडकता कामा नये, आणि रागाने हाक मारली तरी ऐकणाऱ्याला शिवी वाटता कामा नये. एवढ्या कसोट्यांना उतरलं की ठरलं. आजकालची सुंदर सुंदर नावं ऐकताना मला तिचं हे हाक मारून पाहणं आठवतं. नाव लिहिण्याआधी ते ओरडता आलं पाहिजे, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं असं मला वाटत नाही.

देवांची नावं तिला आवडत. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ तिला तोंडपाठ होता. मरताना त्याने धाकट्या लेकाला, नारायणाला हाक मारली आणि तेवढ्या नामाने तो तरला. आमचं गाव प्रल्हाद महाराज रामदासींचं. त्यांच्यामागे गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्यांची नामाची परंपरा. तिथे लेकराला हाक मारता मारता देवाचं नाव घेतलं जातं ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. वऱ्हाडात घरटी एक गजानन असायचा तो शेगावच्या महाराजांमुळे. १९१० साली त्यांनी समाधी घेतली, त्यानंतरच्या किती पिढ्यांच्या शाळेच्या हजेरीत ते नाव सापडेल! नवसाचं नाव तर देवधर्माचीही वेस ओलांडतं. शेजारच्या सिंदखेडराजाच्या जिजाऊ ज्या भोसल्यांच्या घरी दिल्या, तिथे मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला होता आणि म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं सांगतात. लेकरू हवं असलेल्या माणसाला पीर कोणाचा आणि देव कोणाचा हे सुचतच नाही.

आत्याने पहिलं नाव निवडलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आजोबांना बहीण नव्हती, म्हणून मान थोरल्या लेकीकडे आला. भाऊ झाला होता. या पोरीने बारा दिवस पुरेल एवढी उत्सुकता साठवली. पाचवीच्या रात्री सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवली, रात्रभर दिवा जपला. सटवाई येऊन कपाळी काय लिहिते ते पाहायला ती जागी राहिली आणि पहाटे झोपून गेली. सातव्या दिवशी बाळ दूध ओढेना. रडणं बारीक झालं. तळपाय गार पडले. शेगडी जवळ ओढली, ओव्याची धुरी दिली, कुणीतरी मेहकरला न्यायचं म्हणालं, पण पावसाचे दिवस होते आणि गाडी निघाली नाही. नवव्या दिवशी आजोबांनी त्याला फडक्यात गुंडाळून शेताच्या बांधाला नेलं. बारसं तीन दिवसांवर होतं. तिने नाव ठरवलेलं होतं, कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

हे ती मला फार उशिरा बोलली, आणि बोलली तेही ज्वारी निवडता निवडता, मान वर न करता.

बारसं बाराव्या दिवशी का, याची शास्त्रातली कारणं निराळी असतील. मला आता वाटतं की आपल्या माणसांनी हे बारा दिवस सोसून सोसून ठरवले असावेत. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांपैकी बहुतेक पहिल्या आठवड्यातच जातात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, गुदमरलेल्याला श्वास कसा द्यायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि घरीच इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्या कामाचा निष्कर्ष छापून आला: नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. दूध न ओढणं, रडण्याचा आवाज बारीक होणं, अंग गार पडणं ही त्या आरोग्यदूतांना शिकवलेली धोक्याची लक्षणं. आत्याने मला सांगितली ती अगदी हीच. नऊ वर्षांच्या पोरीने ती पाहिली होती, लक्षात ठेवली होती, फक्त त्यांचं काय करायचं हे साऱ्या गावात कुणाला माहीत नव्हतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

दोन वर्षांनी माझे वडील जन्मले. पुन्हा मान तिचा. सगळ्यांना वाटलं, मागचं राहिलेलं नाव आता देईल. पण आजीने बजावलं होतं, चांगलं नाव नको. लेकरू गेलेल्या घरात पुढच्याला दगडू, धोंडू, कचरू म्हणायचं. मृत्यूला वाटावं, हे काय न्यायचं. मूठभर कोंड्यावर शेजारणीला विकायचं आणि परत घ्यायचं, नाक टोचायचं. आजीने हे सगळं केलं. वडील घरात दगडूच राहिले, शाळेतलं नाव मास्तरांनी घातलं. (अशीच नावं दलित वस्तीत मात्र भीतीपोटी आलेली नव्हती. शूद्राचं नाव हीनपणा दाखवणारं असावं असं मनुस्मृतीच सांगते. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्या घरांतून गौतम, सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता आले आणि एका पिढीत हजेरीपट बदलला. आईबापांनी नाव निवडणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणी दाखवून दिलेलं नाही.) पण आजीने बजावलं नसतं तरी आत्याने ते नाव वडिलांना दिलं नसतं, हे मला पुढे कळलं.

पुतण्याच्या जातीच्या दाखल्यासाठी तहसिलातून कोतवाल बुकाची नक्कल काढायची होती. विदर्भात जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी गावचा कोतवाल सांगे आणि त्या वहीत उतरत. त्या नोंदीत बापाचं नाव असतं, जात असते, तारीख असते, आणि लेकराच्या जागी बहुधा फक्त 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बारशाआधीच नोंद व्हायची, मग नाव येणार कुठून? आजोबांच्या नावासमोर 'मुलगा' सापडला. मृत्यूच्या पानावर पुन्हा 'मुलगा', वय ९ दिवस. शाई तपकिरी पडली होती, अक्षर वळणदार होतं. मी ती नक्कल आत्याला वाचून दाखवली.

"नाव?" तिने विचारलं.

"नाही लिहिलेलं."

"कसं लिहिणार? बारसं कुठं झालं होतं."

मग मी धीर करून विचारलं, तू काय ठेवणार होतीस? इतक्या लेकरांची नावं ठेवलीस, त्यात ते एकदाही आलं नाही?

ती म्हणाली, "दुसऱ्याले कसं देऊ? ते त्याचं हाये." आणि सूप उचलून आत गेली.

मी पुन्हा विचारलं नाही. तिच्याबरोबर ते गेलं, आणि ते तसंच जायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

तिचं स्वतःचं नावही असंच गेलेलं होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं आणि माहेरचं मागे राहिलं. आमच्या गावाचंही नाव असं एकदा बदललं होतं. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथल्या रणात निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाला हरवलं, खान पडला, आणि विजयाची आठवण म्हणून गावाचं नाव फतेहखेर्डा केलं. हैदराबादचं राज्य ज्या लढाईतून उभं राहिलं ती ही लढाई, पण गावकऱ्यांच्या जिभेने नवं नाव घेतलं नाही. साखरखेर्डा साखरखेर्डाच राहिलं. फौजेला जे जमलं नाही ते मूठभर तांदळाने केलं. आजी होती तोवर आत्याला माहेरच्या नावाने हाक मारणारं एक माणूस होतं. वडील तिला अक्का म्हणत. आजी गेल्यावर ते माहेरचं नाव या घरात कुणी उच्चारलंच नाही.

परवाचं बारसं पुतण्याच्या मुलीचं. बाळंतपण दवाखान्यात झालं, गावची आशा कार्यकर्ती, आशाताई, तिसऱ्या दिवशी आली, सातव्या दिवशी आली, तिने वजन केलं, ताप पाहिला, बाळ नीट ओढतंय ना हे बसून पाहिलं. चौदाव्या दिवशी पुन्हा येणार होती. मधल्या पाचवीला आईने सटवाई पुजली आणि आशाताईने हसून हळदकुंकू घेतलं. नावाचा शोध मोबाइलवर चालला होता. एकीला दोन अक्षरी हवं होतं, एकाला संस्कृत हवं होतं, आणि मग आत्याचं नाव ठेवावं असं आईनेच काढलं. पण कोणतं? आत्याच्या मुलांना सासरचं तेवढं माहीत, आईचं दुसरं नाव होतं हेच त्यांना नवं. बराच वेळ चर्चा झाली. कानात नाव सांगायचा मान आता माझ्या पुतणीचा, ती ऐकत होती, बोलली नाही. पाळण्यात वाकून तिने माहेरचं नाव सांगितलं.

राज्याच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावापुढे सरकारी कागदोपत्री आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. त्यामुळे सूनबाईचं नाव त्या नावाला लागून बसलं आहे, आणि तिने ते अर्जावर स्वतःच्या हाताने लिहिलं. वडील मात्र अडले आहेत. थोरल्या बहिणीचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हे सत्तर वर्षं अंगात मुरलेलं. ते बाळीला अक्का म्हणतात. पाहता पाहता सगळं घर अक्का म्हणू लागलं आहे आणि सूनबाई वैतागून म्हणते, शाळेत घालीपर्यंत तिला तिचं खरं नाव कळेल तरी का?