विटा, चुना आणि खंड्या

आमच्या खंड्याने पुढचा पंजा चाटायला सुरुवात केली तेव्हा तो दीड वर्षाचा होता आणि बेळगावात मृगाचा पाऊस नुकताच लागला होता. जात लॅब्राडोर, अंग फिकट पिवळे. नाव मात्र खंडोबाच्या कुत्र्याला शोभेल असे. चिखलात खेळला असेल, म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. पुढे बगला लाल झाल्या, कान गरम लागू लागले, पोटावरचे केस विरळ झाले. रात्री दोन वाजता ओसरीवरून चाटण्याचा ओला आवाज येई आणि आम्ही अंथरुणातूनच ओरडत असू, "खंड्या, पुरे!" आवाज क्षणभर थांबे. तेवढ्याने आमचे समाधान होई.

आम्ही पडलो स्वच्छतेचे भोक्ते. कोणत्याही दुखण्याचा पहिला संशय आमच्या घराण्यात मळावर घेतला जातो. तेव्हा खंड्याला आठवड्यातून चार वेळा कढत पाण्याने आणि माणसाच्याच जंतुनाशक साबणाने न्हाऊ घालण्याचा क्रम आम्ही मोठ्या निष्ठेने चालवला. अंग करकरीत लागले की आम्ही प्रसन्न. दुसऱ्या दिवशी तो अधिकच खाजवी. मग पुन्हा साबण. घरातल्या वडीलधाऱ्यांनी 'उष्णता' ठरवून खोबरेल चोळले, ते त्याने आवडीने चाटून संपवले. असे तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांचा हिशेब देण्याची पाळी आली तर आजही आमची मान खाली जाईल.

पशुवैद्यबाईंनी कातडी खरवडून काचेखाली पाहिली आणि खरजेचे किडे नाहीत याची खात्री केली. पिसवांचा बंदोबस्त केला. आठ आठवडे पथ्याचे अन्न देऊन तीही शंका फेडून घेतली. मग म्हणाल्या, "काका, याला ॲटोपी आहे. धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण, बुरशी यांची ॲलर्जी. ती जन्मभर सांभाळावी लागेल. पण एक सांगा, याला साबण कोण लावतं?"

आम्ही काहीशा अभिमानानेच हात वर केला.

त्यानंतर त्यांनी जे समजावले ते आम्हांला चटकन उमगले, कारण आमच्या घराची मागची भिंत जुनी, चुन्यातली आहे. कातडीचा अगदी वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्या फटींत स्निग्ध द्रव्यांचे एकावर एक पातळ पापुद्रे असतात तो चुना. ही उपमा रूढ केली ती पीटर एलायस या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी. दरजा झिजल्या की विटा जागच्या जागी असूनही भिंत पावसाळ्यात ओल धरते, हे आम्ही दर आषाढात पाहतो. कातडीत ही गळती दुहेरी असते. आतले पाणी उडून जाते, आणि बाहेरचे ॲलर्जीकारक कण आत शिरून थेट प्रतिकारपेशींच्या पहाऱ्यावर आदळतात. मग जो दाह उसळतो त्याची खूण म्हणजे खाज.

या चुन्यात तीन जिन्नस मुख्य: सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्ले. कोलेस्टेरॉल हा शब्द आम्ही तोवर फक्त रक्ताच्या अहवालात, आणि तोही धास्तीने, वाचला होता. सिरॅमाइडच्या रेणूचा कणा स्फिंगोसिन. योहान थुडिकम यांनी १८८४ साली त्याला हे नाव कोडी घालणाऱ्या स्फिंक्सवरून दिले, आणि ते अजून सार्थ आहे. ॲटोपी असलेल्या कुत्र्यांच्या त्वचेतले हे पापुद्रे तुटक आणि पातळ दिसतात, असे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने २००१ साली दाखवले. वरून निरोगी भासणाऱ्या भागातही काही सिरॅमाइडे कमी असल्याचे २००९ मध्ये मोजले गेले. मात्र चुना आधी झडतो म्हणून दाह होतो, की दाहाने चुना झडतो, याचा निवाडा अजून झालेला नाही. दोन्ही दिशांनी पुरावे आहेत. आमच्या घरी तिसरे कारण होते, आणि ते साबणदाणीत ठेवलेले असे. आपल्या भाषेत तेलातुपालाही स्नेह म्हणतात नि मायेलाही. आम्ही मायेपोटी स्नेहच धुऊन काढत होतो.

खोबरेलाने का भागले नाही, याचेही उत्तर मिळाले. अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली उंदरांना स्निग्धांश पूर्ण वर्ज्य केलेला आहार दिला, तेव्हा त्यांच्या कातडीला खवले धरले. पुढच्याच वर्षी त्यांनी लिनोलेइक आम्लाचे महत्त्व दाखवून दिले. हे आम्ल कुत्र्यालाही शरीरात बनवता येत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. आणि पाणी अडवण्यात सर्वांत कामाचे जे सिरॅमाइड, त्यात हेच जोडलेले असते. खोबरेलात ते जेमतेम दोन टक्के. पूर्वापार करडईच्या तेलात सुमारे ७५ टक्के! बेळगाव-विजापूरकडच्या काळ्या रानातली ही करडई, कानडी शेजाऱ्यांची कुसुबी, आमच्या आजीच्या फोडणीत रोज असे. ती आम्हीच कधी सोडली ते आठवत नाही.

पण सगळेच स्नेह शांत स्वभावाचे नसतात. पेशींच्या पटलातल्या ॲराकिडोनिक आम्लापासून दाह पेटवणारी प्रोस्टाग्लँडिने आणि ल्युकोट्राइने तयार होतात. मासळीच्या तेलातले ओमेगा-३ त्याच्या जागेवर हक्क सांगते आणि त्यापासून निघणारी द्रव्ये बरीच सौम्य असतात. हे ऐकून आमच्या शाकाहारी घरात दोन दिवस खल झाला. अखेर काकूंनी तोडगा काढला: बाटली ओसरीवरच्या फळीवर राहील, उंबरा ओलांडणार नाही. बाईंनी आधीच बजावले होते की गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात, मात्रा वजनाप्रमाणेच द्यायची, जास्त तेलाने पोट बिघडते, आणि खाजेच्या गोळ्या बंद होणार नाहीत, फार तर कमी लागतील. झालेही तसेच. पहिला महिनाभर आम्ही रोज पंजे उलटून पाहत होतो आणि काहीच दिसत नव्हते. अडीच महिन्यांनी एका सकाळी पोटावर मऊ लव हाताला लागली. काकूंना हाक मारली, तर त्यांनी चष्मा आणून पाहिली.

खंड्या आता सात वर्षांचा आहे. आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने आणि सिरॅमाइड असलेल्या सौम्य शाम्पूने अंघोळ, जेवणात तेल, पावसाळाभर गोळी. मृग लागला की चाटणे अजून सुरू होतेच. तो आवाज आला की आम्ही बॅटरी घेऊन उठतो, ओसरीवर त्याच्याजवळ बसतो आणि बोटे फाकवून आतली कातडी किती लाल झाली ते पाहतो. तोही मुकाट्याने पंजा पुढे करतो.