काहीतरी चावलं

२०२२च्या सप्टेंबरात आमच्या गावातल्या बायका बांधावर गवताला जायला तयार होईनात. पाऊस भरपूर झालेला, गवत कमरेला लागलेलं, दावणीला म्हशी ओरडायलेल्या, आणि मोबाईलवर एकच मेसेज फिरत होता. एक हिरवी काटेरी अळी, शेजारी निपचित पडलेली माणसं आणि खाली मजकूर: कपाशीवरची ही अळी चावली की पाच मिनिटांत खेळ खलास. फोटोतली माणसं वीज पडून दगावलेली होती, हे नंतर उघड झालं. पण खुलाशाला कोण विचारतो? त्यातच बीड, नगर, लातूरकडून खऱ्या बातम्या यायला लागल्या. उसात, मक्यात, बांधावरच्या गवतात ‘घोणस अळी’ निघाली, शेतकरी दवाखान्यात दाखल. घोणस म्हटलं की डोळ्यांपुढे साप येतो, त्यामुळं माणसं नावानंच गार झाली.

बिलोलीचा हा भाग मांजरेच्या काठचा, पलीकडे तेलंगण. काळी रानं, सोयाबीन, कापूस, तूर, पाणी असेल तिथं भात. पावसाळ्यात इथं चावणाऱ्यांची कधी वाण पडत नाही.

मला ती अळी भेटली त्याच हंगामात, बांधावरच्या एरंडापाशी. गवताची पेंढी आवळताना डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला कढईतलं तेल उडावं तसा चटका बसला. विळा तिथंच पडला. पहिल्या क्षणी वाटलं विंचूच. आग मनगटावर थांबेना, कोपरापर्यंत चढली, थोड्या वेळानं काखेत गाठ आल्यासारखं ठणकायला लागलं. तशात मी पेंढी पायानं उलगडून बघितली. एवढं तरी सुचलं, कारण काय चावलं ते कळल्याशिवाय पुढं काय करायचं ते कळत नाही. पानाच्या खालच्या अंगाला ती होती. अंगठ्याच्या पेराएवढी, पोपटी, जाडसर. पाठीवरून फिकट पट्टा गेलेला आणि दोन्ही कडांना बारीक काट्यांचे झुबके. पाय म्हणून दिसत नाहीत, पोटावरच सरकते. ती चावतही नाही. ती आपली पान खात बसलेली असते, आपणच तिच्यावर हात ठेवतो. काटे पोकळ असतात, बुडाशी विषाच्या ग्रंथी. काटा कातडीत मोडला की विष आत.

घरी आले तर मामंजी म्हणाले, “चुना लाव आधी.” सासूबाई कांदा फोडून घेऊन आल्या, “चोळ की जरा, आग निघंल.” शेजारच्या मावशींनी तंबाखू मळायला घेतली. तिघांचंही प्रेमच, पण तिन्हीत चोळणं आलं आणि इथं चोळणं हाच घात. मोडलेले काटे आणखी आत जातात. परभणीच्या कृषी विद्यापीठानं त्या वेळी जो सल्ला दिला होता तो आमच्या कृषी सहायकानं चावडीवर वाचून दाखवला होता, तेव्हा लोक हसले होते: चिकटपट्टी लावा आणि काढा. मी लेकीच्या दप्तरातला सेलोटेप घेतला, मनगटावर अलगद ठेवला आणि ओढून काढला. उजेडात धरला तर टेपवर केसापेक्षा बारीक कुसळं उभी दिसली. पुन्हा नवा तुकडा, पुन्हा तेच, कुसळं येईनाशी होईपर्यंत.

त्याच्याही आधी एक गोष्ट केली होती, ती कुठल्या पत्रकात बहुधा नसते: बांगड्या उतरवल्या. हात सुजल्यावर काचेची बांगडी निघत नाही, फोडावी लागते, आणि अंगठी तर बोटात रुतून बसते. मग साबणाच्या पाण्यानं धुतलं, फडक्यात बर्फ गुंडाळून ठेवला, खायच्या सोड्याचा पातळ लेप दिला. बिलोलीच्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीची गोळी दिली आणि बजावलं की ओठ, डोळे सुजले, दम लागला, चक्कर आली तर गोळीची वाट बघत बसू नका, सरळ दवाखाना गाठा, तिथं अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं. तसं काही झालं नाही. दिवे लागेपर्यंत आग ओसरली. दुसऱ्या दिवशी नुसती खाज आणि पुरळ. मरणाची म्हणून गाजलेली अळी, एका रात्रीत आटोपली.

माझं बघून मग आळीतल्या बायका ‘हे काय चावलंय बघ गं’ म्हणून यायला लागल्या, जशी काही मी डॉक्टरच. त्यातली एक मात्र सांगण्यासारखी. शेजारच्या सुनेच्या मानेवर सकाळी उठल्यावर चाबूक ओढल्यासारखा लाल पट्टा, मधे पिवळट फोड. घरच्यांनी नागीण ठरवली आणि गेरूचा लेप द्यायला माणूस बोलावला. मी तिला हात उचलायला लावला तर कोपराच्या वळणात तसाच डाग, आणि वळणाच्या दुसऱ्या बाजूला त्याचाच ठसा. हात मिटल्यावर एकाचं दुसऱ्याला लागलेलं. नागीण एका बाजूच्या एका नसेच्या वाटेनं जाते, अशी ठसे उमटवत फिरत नाही. हे काम त्या मुंगीएवढ्या, नारिंगी-काळ्या लांबट किड्याचं, ज्याला आता सगळे अ‍ॅसिड फ्लाय म्हणतात. पावसाळ्यात भाताच्या बाजूनं बल्बवर येतो, अंगावर बसतो. चावत नाही, डंख मारत नाही. झोपेत आपण त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातला पेडेरिन नावाचा द्रव कातडीला लागतो. गंमत म्हणजे तो द्रवही त्याचा स्वतःचा नाही, त्याच्या अंगात राहणाऱ्या जिवाणूंचा आहे. लागताना कळत नाही, भाजल्यासारखं दिसतं ते दुसऱ्या दिवशी, म्हणून कोणी किड्यावर संशय घेत नाही. त्याच वर्षी जुलैत सिक्कीममधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या शंभराच्या आसपास विद्यार्थ्यांना याच किड्यानं पोळलं होतं. उपाय साधा: अंगावर दिसला तर फुंकून किंवा कागदानं उडवायचा, मारायचा नाही, जागा साबणानं धुवायची, रात्री दारातला दिवा बंद ठेवायचा. गेरूवाला चहा पिऊन गेला.

मधमाशीचं आणखी निराळं. तिची नांगी विषाच्या पिशवीसकट कातडीत राहते आणि पिशवी विष सोडत राहते, म्हणून नखानं का होईना, ताबडतोब काढायची. कशानं काढली यापेक्षा किती लवकर काढली याला महत्त्व. गांधीलमाशी नांगी मागं ठेवत नाही, तीच पुन्हा पुन्हा मारते. आग्या मोहोळ उठलं तर मात्र उपाय नंतर, आधी पळायचं.

आणि विंचू. माझ्या माहेरी विंचू उतरवणारे एक आजोबा होते. लोक त्यांच्याकडं बोंबलत यायचे आणि तासाभरानं शांत होऊन जायचे. आता कळतं की बोंबलत येणाऱ्याला बहुतेक काळी इंगळी चावलेली असायची. ती ठणकते फार, पण जिवावर क्वचित येते आणि ठणका आपोआप उतरतो. मंत्राला आयतंच यश. लहान लाल विंचवाचं गणित उलटं आहे. ते मांडलं आपल्याच जालना जिल्ह्यातल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, रायगडात महाडच्या बाजूला रुग्ण बघता बघता. लाल विंचू चावलेल्याला दरदरून घाम, उलट्या, हातपाय थंडगार, हृदयावर ताण, आणि चावल्या जागी मात्र अनेकदा दुखणं कमीच. औषध लागू पडून रुग्ण सुधारायला लागला की मग ती जागा दुखू लागते. रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी त्यांनी वापरली आणि शंभरातले चाळीसेक दगावायचे तिथं मृत्यू एक टक्क्यावर आले. २०२२ सालीच त्यांना पद्मश्री मिळाली. अळीच्या गडबडीत आमच्याकडं त्याची चर्चा फारशी झाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून आता कोणी रडत आलं की मला तितकी धास्ती वाटत नाही. धास्ती वाटते न रडणाऱ्याची. आमच्या सालगड्याचा मुलगा आखाड्यावर भुईला सतरंजी टाकून झोपला होता. पहाटे घरी आला, म्हणाला, “ताई, पोटात दुखायलंय. रातच्याला काहीतरी चावल्यावानी झालं, मच्छर असंल.” पायाला शोधून शोधून टाचणी टोचल्यासारखी खूण, सूज नाही, आग नाही. त्याची आई ओवा शोधायला लागली. पण बोलताना त्याच्या पापण्या खाली येत होत्या आणि त्याला थुंकी गिळताना त्रास होत होता. मण्यार. ती रात्री झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की जाग येईलच असं नाही, आणि विष नसांवर जातं, श्वास बंद पाडतं. मामंजींनी शेजाऱ्याची जीप काढली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते, ती बिलोलीत सुरू झाली. पुढं नांदेडला नेऊन श्वासाच्या मशीनवर ठेवलं. पोरगं वाचलं.

आता आखाड्यावर बाज आहे आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचायची सक्ती आहे. मामंजींना ती पसंत नाही. “आत उकडायलंय,” म्हणत ते रात्री एक बाजू मोकळी करतात, आणि ती पुन्हा खोचायला नातवाला पाठवावं लागतं.