कापूस अडकला नाही

मेकॅनिकलच्या पोराने "मशीन मीच बिघडवलं" असं कॉलेजच्या मासिकात लिहू नये. तरी लिहितो.

आमचं गाव भिवापूर, मिरचीचं. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड तिरंदाजीत विश्वविजेता झाला. अंतिम फेरीत १५० पैकी १५०! साताऱ्याची अदिती स्वामीही त्याच दिवशी जिंकली. बाबांनी ती बातमी कापून ठेवली, आणि पुढच्या मिरचीच्या पैशातून माझ्यासाठी सेकंडहँड कंपाउंड धनुष्य आलं. आई म्हणाली, "एवढ्यात गाय आली असती."

हे धनुष्य म्हणजे रामाचं धनुष्य नव्हे. दोन्ही टोकांना कॅम असतात. माझं ५० पौंडांचं, म्हणजे ओढताना जवळजवळ २३ किलोचा जोर. पण पूर्ण ताणलं की कॅम वळतात आणि हातावर सातेक किलोच उरतात. अमेरिकेतल्या हॉलेस ॲलनने १९६९ साली याचं पेटंट मिळवलं. पुली शिकताना सरांनी हे दाखवलं असतं तर माझा एक बॅक वाचला असता!

दिवाळीत दोस्तांपुढे शान मारायला मी बाण न लावताच दोरी ओढली, आणि हातून सुटली. बाण नसला की त्याच्यात जाणारी सगळी ताकद धनुष्याच्याच अंगात शिरते. फटाका फुटावा तसा आवाज झाला. घरी चकार शब्द काढला नाही.

तेव्हापासून ५० मीटरवर एक बाण वर, एक खाली. मी साइट फिरवली, रेस्ट हलवला, ॲलन की घेऊन रात्र रात्र बसलो. निवड चाचणी दहा दिवसांवर आली तेव्हा बाबाच म्हणाले, "चल, नागपूरला दाखवू." उमरेडमार्गे एस.टी.ने निघालो. धनुष्य बाबांच्या मांडीवर.

कारागीरकाकांनी माझ्या साइटकडे पाहिलंसुद्धा नाही. कापसाचा बोळा घेऊन दोन्ही लिम्बवरून हळूहळू फिरवला. बारीक चीर असली की धागे अडकतात. अडकले नाहीत. मग ड्रॉ बोर्डवर धनुष्य सावकाश ताणलं. वरचा कॅम आधी थांबला, खालचा किंचित मागून.

"कोरं सोडलं होतं का बे?"

बाबा शेजारीच उभे. मी म्हटलं, "नाही."

काका काही बोलले नाहीत. कापूस उचलून पुन्हा एकदा सगळं तपासलं, याच वेळी कॅमच्या कडाही पाहिल्या. मग बाबांना म्हणाले, "केबल ताणली आहे जी. होते तसं."

धनुष्य प्रेसमध्ये गेलं, केबल सुटली, पीळ पडले. पुन्हा ड्रॉ बोर्ड. पुन्हा पीळ. दोन्ही कॅम एकदम टेकेपर्यंत हेच. मग दोनेक मीटरवर कागद लावून मला बाण मारायला लावला. फाटलेली रेघ उभी, बोटभर लांब. त्यांनी रेस्ट केसभर वर घेतला. चौथ्या बाणाला कागदावर गोल भोक आणि पिसांच्या तीन चिरा, बस्स. मी महिनाभर जे झटापटीने बिघडवत होतो ते दोन तासांत जागेवर आलं.

पैसे बाबांनी मोजून दिले. निघताना काका माझ्या कानाशी म्हणाले, "लिम्ब फुटला असता तर डोळा गेला असता."

उमरेडच्या पुढे गाडी रिकामी झाली तेव्हा मी बाबांना सांगितलं. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. बऱ्याच वेळाने विचारलं, "कापूस कुठं अडकला नाही ना?"

"नाही."

"मग उद्या सकाळी नेम धर," म्हणाले, आणि धनुष्याची बॅग माझ्या मांडीवर सरकवली.